बंदराचा हिशेब आणि देशाचे आकडे

२०२२ मध्ये गुढीपाडवा आणि माहे रमजान एकमेकांचा हात धरून आले. २ एप्रिलला दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या, त्याच संध्याकाळी चंद्रदर्शन झाले आणि ३ एप्रिलला पहिला रोजा झाला. त्याच सुमारास राज्य सरकारने कोरोनाचे सर्व निर्बंध उठवले. दोन रमजान घराच्या चार भिंतींत काढल्यानंतर तरावीहच्या सफा पुन्हा मशिदीत उभ्या राहिल्या, इफ्तारचे दस्तरखान पुन्हा शेजाऱ्यांसाठी अंथरले गेले. खजूर, फळे आणि फेण्यांच्या गाड्यांभोवती गर्दी दिसू लागली. अल्लाहचे लाख लाख शुक्र!

आकडेही याच आनंदात सामील होते. मार्च २०२२ मध्ये देशात वस्तू व सेवा कराचे १ लाख ४२ हजार ९५ कोटी रुपये जमा झाले, हा तोवरचा विक्रम. राज्याच्या आर्थिक पाहणीने २०२१-२२ साठी १२.१ टक्के वाढीचा अंदाज दिला होता. हे वाचून कोणीही म्हणेल, संकट गेले, घडी बसली. पण रमजान हा हिशेबाचाही महिना आहे. जकात काढताना आपण कपाटातले सोने, दुकानातला माल, येणे आणि देणे मोजतो. मग देशाच्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा: यात देणे मोजले आहे का? आणि कोणाचे मोजले आहे?

हा प्रश्न समजून घ्यायला मुंबईच्या शेअर बाजारात जाण्याची गरज नाही. खाडीच्या या बाजूला, उरणच्या करंजा बंदरावर जाऊन उभे राहिले तरी पुरे.

बेट एक, व्यवसाय अनेक

द्रोणागिरीच्या डोंगराशी वसलेला आणि खाडीपलीकडच्या रेवसकडे तोंड करून बसलेला करंजा हा कोळ्यांचा गाव. इंग्रजी अमदानीत उरणच्या सबंध बेटालाच करंजा म्हणत आणि ते पनवेल तालुक्यात मोडत असे. मीठ आणि मासळी ही या बेटाची जुनी ओळख. पुढे तेल-वायूचा प्रकल्प आला, १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर, गोदामे, ट्रेलर यांचे जाळे पनवेलपर्यंत पसरले. म्हणून या एवढ्याशा पट्ट्यात देशाचे निम्मे आर्थिक निर्देशक हाताला लागतात: तेल, निर्यात, मालवाहतूक, बांधकाम आणि मासळी. नाखवा, खलाशी, बर्फवाला, ट्रेलरचालक, गोदामातला हमाल, पनवेलच्या बाजारातला फळविक्रेता आणि बेकरीवाला या सगळ्यांची चूल एकमेकांशी बांधलेली आहे. त्यात कोळी आहेत, आगरी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार आहेत.

मोजणारेच घरी बसले

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि बरोबर महिनाभराने, २५ एप्रिलला, पहिला रोजा आला. त्या महिन्यातले काही आकडे आठवून पाहा. करसंकलन ३२ हजार १७२ कोटी, आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते १ लाख १३ हजार ८६५ कोटी होते. सेवा क्षेत्राचा पीएमआय निर्देशांक ५.४. हा निर्देशांक ५० च्या खाली गेला की मंदी समजतात. देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने महिन्याभरात देशात एकही गाडी विकली नाही. सीएमआयई या संस्थेच्या पाहणीनुसार बेरोजगारीचा दर २३.५ टक्के. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २४.४ टक्क्यांनी घटले. बांधकाम क्षेत्र तर निम्म्यावर आले.

याहून बोलका आकडा मात्र तो, जो प्रसिद्धच झाला नाही. किरकोळ महागाई मोजण्यासाठी सरकारी कर्मचारी देशभरातल्या दुकानांत आणि बाजारांत जाऊन भाव टिपतात. १९ मार्चपासून हे फिरणे थांबले. परिणामी १२ मे २०२० ला एप्रिलचा संपूर्ण महागाई निर्देशांक जाहीरच होऊ शकला नाही, फक्त अन्नधान्यासारख्या काही गटांचे आकडे आले. खाद्यपदार्थांची महागाई १० टक्क्यांच्या वर होती. ज्या रमजानमध्ये गरिबाच्या घरी इफ्तारला खजूर घ्यावा की पीठ, असा प्रश्न होता, नेमक्या त्याच महिन्यात महागाईचा पूर्ण आकडा देशाकडे नव्हता.

दुसरा धडा तेलाचा. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या वायदेबाजारात खनिज तेलाचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. तेल फुकट झाले, असे मथळे छापून आले. मग करंजाच्या बोटीला डिझेल स्वस्त मिळाले का? नाही. ५ मे २०२० ला केंद्राने डिझेलवरचे शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले. जागतिक निर्देशक खाली गेला, पण त्याचा लाभ धक्क्यावर पोहोचण्याआधीच तिजोरीत जमा झाला. पुढे भाव वाढले तेव्हा मात्र ती वाढ धक्क्यापर्यंत बिनचूक आली. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले आणि त्याची झळ मच्छीमार सोसायट्यांनाही बसली.

समुद्राचे वर्ष दहा महिन्यांचे

मासेमारीला सरकारने लवकर सवलत दिली होती, हे खरे. १० एप्रिल २०२० च्या आदेशाने मासेमारी टाळेबंदीतून वगळली गेली. कागदावर व्यवसाय चालू झाला. पण बोट एकट्या आदेशावर चालत नाही. तिला खलाशी लागतात, ते गावी अडकलेले. बर्फ आणि डिझेल लागते, त्यासाठी रोख पैसा हवा. पकडलेली मासळी घेणारा हवा, तर हॉटेले बंद, लग्ने बंद, मुंबईची लोकल बंद. टोपली घेऊन लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि तिथून शहरात जाणारी कोळीण घरी बसलेली. पापलेट आणि कोळंबी परदेशी जायची, तर तिकडचीही हॉटेले बंद. २०१९-२० मध्ये देशातून १२ लाख ८९ हजार टन मत्स्योत्पादने निर्यात झाली होती, पुढच्या वर्षी ती ११ लाख ४९ हजार टनांवर आली.

आता यात वेळेचे गणित पाहा. आपल्या किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे कोळ्याचे वर्ष दहा महिन्यांचे. मार्च, एप्रिल आणि मे या शेवटच्या महिन्यांत जो पैसा हाती येतो, त्यावर पावसाळा काढायचा, जाळी विणायची, बोट ओढून डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीचे डिझेल भरायचे. टाळेबंदी नेमकी याच महिन्यांवर पडली. आणि बंदी लागते न लागते तोच, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ईद होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. पुढच्या वर्षीही तेच. १४ मे २०२१ ला ईद झाली आणि १७ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले.

त्या वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत काय दिसते? एकूण अर्थव्यवस्था उणे ८ टक्के, उद्योग उणे ११.३, सेवा उणे ९, पण कृषी व संलग्न क्षेत्र अधिक ११.७ टक्के. मासेमारी याच 'संलग्न' शब्दात बसते. पाऊस चांगला झाला, पिके चांगली आली, आणि त्या वाढीच्या सावलीत किनाऱ्याचे दुःख झाकले गेले. आकडा खोटा नव्हता. पण सरासरी ही अशी चादर आहे, की ती सगळ्यांवर पांघरता येते आणि तिच्याखाली कोण कुडकुडतो आहे, ते दिसत नाही.

विक्रमी वसुली, रिकामे सिलिंडर

२०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला. त्याच रात्री ८ वाजता राज्यात कडक निर्बंध लागू झाले. १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजार ६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिलला, आपल्या पनवेल तालुक्यातल्या कळंबोली यार्डातून देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस सात रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमकडे निघाली. ज्या यार्डात एरवी पोलाद आणि माल चढतो-उतरतो, तिथे सारा महाराष्ट्र प्राणवायूची वाट पाहत होता. त्या दिवसांत लोकजीवनाचा एकच निर्देशांक उरला होता: किती टन ऑक्सिजन आला.

आणि १ मे रोजी बातमी आली, की एप्रिलमध्ये करसंकलनाचा विक्रम झाला, १ लाख ४१ हजार ३८४ कोटी! स्मशाने आणि कब्रस्ताने भरलेली असताना हा विक्रम कसा? उत्तर साधे आहे. एप्रिलमध्ये जमा होणारा कर बहुतांशी मार्चमधल्या व्यवहारांचा असतो. आकडा खरा, पण महिनाभर जुना. तारा तुटल्यानंतरही त्याचा उजेड आपल्यापर्यंत येत राहतो, तसे हे. मेमध्ये संकलन १ लाख २ हजार कोटींवर घसरले. मालवाहतुकीची ई-वे बिले मार्चमध्ये ७ कोटींच्या वर होती, ती मेमध्ये सुमारे ४ कोटींवर आली. न्हावाशेव्याचे कंटेनर मात्र लवकर सावरले. २०१९-२० मध्ये सुमारे ५० लाख, २०२०-२१ मध्ये सुमारे ४७ लाख आणि २०२१-२२ मध्ये ५६ लाखांच्या वर. बंदर सावरले याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की कंटेनरांबरोबर ट्रेलरचालकाचे थकलेले हप्तेही फिटले का?

वाढ २० टक्के, तरीही तूट

या दोन वर्षांतला सर्वांत फसवा आकडा कोणता असेल, तर एप्रिल ते जून २०२१ मधली २०.१ टक्के वाढ. दुसऱ्या लाटेच्या तिमाहीत एवढी वाढ! सोपा हिशेब करू. २०१९ मध्ये एखादी बोट १०० टोपल्या मासळी आणायची. २०२० मध्ये २४.४ टक्के घट झाली, म्हणजे ७५.६ टोपल्या राहिल्या. २०२१ मध्ये त्यावर २०.१ टक्के वाढ, म्हणजे साधारण ९१ टोपल्या. वाढ २० टक्के दिसते, पण दोन वर्षांपूर्वीच्या १०० टोपल्यांपेक्षा नऊ अजूनही कमीच आहेत. शिवाय त्या दोन वर्षांत डिझेल वाढले, घरातली माणसे वाढली आणि कर्जावर व्याज चढले. पडलेला माणूस उभा राहिला की त्याची उंची 'वाढली' असे आपण म्हणत नाही. अर्थव्यवस्थेबाबत मात्र म्हणतो.

शेअर बाजाराची गोष्ट तर वेगळीच. २३ मार्च २०२० ला २६ हजारांच्या खाली गेलेला सेन्सेक्स दहा महिन्यांत, २१ जानेवारी २०२१ ला, ५० हजारांना शिवून आला. दुसरीकडे २०२०-२१ मध्ये मनरेगाच्या कामावर साडेसात कोटींहून अधिक कुटुंबे गेली. बँकांची सोनेतारण कर्जे त्या एका वर्षात ८० टक्क्यांच्या आसपास वाढली. एकाच देशात, एकाच वर्षात, कोणी समभाग घेत होते आणि कोणी मंगळसूत्र किंवा बांगडी गहाण ठेवत होते. दोन्ही आकडे सरकारदरबारी आहेत, पण मथळा पहिल्यालाच मिळाला.

जे कोणी मोजले नाही

काही नुकसानीला तर रकानाच नव्हता. २०२० च्या एप्रिलमध्ये आजाराला धर्म चिकटवला गेला. देशात अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाल्याला, फळवाल्याला नाव विचारून परत पाठवले गेले. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता नोंदवली. न्यायालयाचा निकाल आला, पण त्या रमजानमध्ये हातगाडीवर सडलेल्या कलिंगडांची भरपाई कोणत्या तिमाहीत दाखवायची? एकमेकांवरचा विश्वास हेही बाजाराचे भांडवल असते. ते घटले की प्रत्येक व्यवहार महाग होतो.

याच्या विरुद्ध बाजूही तितकीच खरी. त्याच रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी ईदचा खर्च टाळून जकात-सदक्यातून ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. तिथे खाटेवर कोणाला घ्यायचे, हे नाव पाहून ठरणार नव्हते. आपल्या भागातही जमाती, गणेश मंडळे, गुरुद्वारे यांनी शिधा आणि जेवण पोहोचवले. हे सगळे सकल उत्पादनात कुठेच दिसत नाही, कारण फुकट दिलेल्या ताटाला किंमत नसते.

शंभर वर्षांपूर्वीचा जून

इतिहासातही असा रमजान येऊन गेला आहे. १९१८ मध्ये माहे रमजान जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला आणि त्याच सुमारास, १० जूनला, मुंबईच्या गोदीशी संबंधित पोलीस शिपाई तापाने आजारी पडल्याची नोंद झाली. तीच इन्फ्लुएंझाची सुरुवात. पहिली लाट ओसरली, लोक निर्धास्त झाले, आणि पावसाने दगा दिलेल्या त्या वर्षी दुसरी लाट आली ती अधिक जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू झाले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. धान्य महागलेले, कापड महागलेले, त्यामुळे आधी गरीब गेला. साथ सर्वांना सारखी गाठत नाही. ज्याच्या घरात खोली एक आणि माणसे आठ, त्याला ती आधी गाठते. शंभर वर्षांनी औषधे बदलली, लस आली, पण हा नियम फारसा बदलला नाही.

जकातीचा तराजू

इथे जकातीचा हिशेब आपल्याला एक वेगळी नजर देतो. जकात उत्पन्नावर नसते, तर गरजा आणि देणी भागवून वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर असते, अडीच टक्के. म्हणजे माणूस किती कमावतो यापेक्षा त्याच्याकडे उरते काय, हे ती पाहते. जकातीचे हक्कदार आठ प्रकारचे सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन आहेत, तसेच कर्जात बुडालेला आहे आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. २०२० च्या मे महिन्यात पनवेलहून गावाकडे निघालेला, खिशात पैसा नसलेला मजूर मुसाफिर नव्हता तर कोण होता? आणि बोटीवरचे, ट्रेलरवरचे, हातगाडीवरचे कर्ज दोन वर्षे फिरवत बसलेला माणूस आज कर्जदारच आहे, जरी तो रोज कामावर जाताना दिसत असला तरी.

निसाबचा फरकही ध्यानात घ्यावा. साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे २०२२ च्या भावाने चाळीस हजारांच्या आसपास, तर साडेसात तोळे सोने म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास. या दोन रकमांच्या मध्ये आपल्या मोहल्ल्यातली किती घरे आज उभी आहेत? कालपर्यंत देणाऱ्यांत असलेली, आज घेण्याची वेळ आलेली, पण लाजेने हात पुढे न करणारी. कुठलाही निर्देशक त्यांना पकडत नाही. त्यांना फक्त शेजारी ओळखतो.

मोहल्ल्याचा निर्देशांक

म्हणून जकात, फित्रा आणि सदका वाटण्याआधी प्रत्येक जमातीने, मंडळाने एक छोटी पाहणी करावी, अशी विनंती आहे. प्रश्न चारच. घरातले सोने घरात आहे की गहाण? मुलांपैकी कोणाची शाळा सुटली आणि तो कामाला लागला का? आजारपणाचे किंवा हप्त्यांचे देणे किती बाकी आहे? कमावता माणूस गमावलेल्या घरात आता कोण कमावते? नावे गुप्त ठेवावीत, कारण डाव्या हाताला न कळता देणे हीच आपली रीत. शिध्याच्या पिशव्या वाटताना फोटो काढण्याऐवजी एखाद्याचे सावकारी कर्ज फेडले, एखादी बांगडी सोडवून आणली, एखाद्या खलाशाच्या मुलाची फी भरली, तर ती मदत पुढच्या रमजानपर्यंत टिकेल. जकातीला काही अटी आहेत, पण सदक्याला जात-धर्म नाही. त्यामुळे शेजारच्या कोळीवाड्यातले, आदिवासी वाडीतले घर या यादीतून सुटू नये.

देशाचे आकडे महत्त्वाचे आहेतच. त्यांच्यावरून धोरण ठरते, रेशन ठरते, व्याजदर ठरतो. वर्तमानपत्रात ते वाचावेत, समजून घ्यावेत. फक्त वाचताना एवढे विचारावे: हा आकडा कोणत्या महिन्याचा? कशाशी तुलना केलेला? आणि त्यात माझ्या शेजाऱ्याचे कर्ज आहे का? निर्बंध उठल्याने दारे उघडली आहेत. त्या दारांतून आत डोकावण्याचे काम सरकारी पाहणीचे नाही, ते आपले आहे.

या मुबारक महिन्यात अल्लाह आपल्या सर्वांना आरोग्य देवो, समुद्रावर गेलेल्या प्रत्येक बोटीला सुखरूप धक्क्याला लावो, कर्जदारांचे ओझे हलके करो आणि साथीत गेलेल्यांच्या घरांना धीर देवो. आमीन.